घरचा फ्रीझर आवाज करू लागला तर: कोकणातील घरांसाठी तपासणी आणि दुरुस्ती

पश्चिम किनाऱ्यावर साधारणपणे 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. त्यामुळे मे महिना सरत आला की रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील किनाऱ्यालगतच्या घरांत फ्रीझर काठोकाठ भरलेला असतो. सुरमईच्या तुकड्या, सोललेली कोळंबी, आमरसाचे डबे, ओले काजूगर असा सगळा बेगमीचा माल त्यात असतो. हवेतील दमटपणा आणि विजेच्या दाबातील चढउतार याच दिवसांत वाढतात आणि यंत्रावरचा भारही याच दिवसांत सर्वांत जास्त असतो. अशा वेळी फ्रीझर खडखडू किंवा घरघरू लागला की घरातील कोणीतरी ‘कॉम्प्रेसर गेला’ असे म्हणून मोकळे होते आणि मोठ्या खर्चाची धास्ती बसते. प्रत्यक्षात आवाजाचे कारण बहुतेक वेळा यंत्राच्या बाहेरच्या भागात असते आणि ते घरच्या घरी, साध्या हत्यारांनी दूर करता येते. आवाज नेमका कुठून आणि कोणत्या क्षणी येतो हे आधी ठरवावे आणि त्यानंतरच स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यावा, एवढी शिस्त मात्र पाळली पाहिजे.

पुढील माहिती वर झाकण असलेला आडवा डीप फ्रीझर, उभा फ्रॉस्ट-फ्री, म्हणजे साठलेला बर्फ आपोआप वितळवणारा फ्रीझर आणि फ्रिजमधील फ्रीझरचा कप्पा या तिन्हींना लागू पडते. जिथे फरक आहे, तिथे तो सांगितला आहे.

हात लावण्यापूर्वी

मागची जाळी, तळाचे झाकण किंवा आतला पत्रा काढायचा असेल तर आधी प्लग सॉकेटमधून पूर्ण बाहेर काढावा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही, कारण जुन्या वायरिंगमध्ये बटण कधी कधी न्यूट्रलवर बसवलेले सापडते आणि मग ते बंद असूनही यंत्रापर्यंत वीज येत राहते. पावसाळ्यात पडवीतील फरशी ओलसर असते, म्हणून पायांत रबरी चपला असाव्यात आणि उभे राहण्याची जागा पुसून कोरडी करावी. कॉम्प्रेसरजवळ कॅपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा छोटा भाग, असेल तर त्याच्या टोकांना बोट लावू नये, कारण प्लग काढल्यानंतरही त्यात विद्युतभार शिल्लक राहू शकतो.

यानंतर यंत्राच्या मागील किंवा आतील बाजूस चिकटवलेली पट्टी वाचावी. तिच्यावर यंत्रात थंडाव्यासाठी भरलेल्या वायूचे नाव असते. जुन्या यंत्रांत आर-134ए आढळतो, तर अलीकडच्या घरगुती यंत्रांत बहुतेक आर-600ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. आयसोब्युटेन ज्वलनशील आहे. तो भरलेल्या यंत्राजवळ मेणबत्ती, स्टोव्ह किंवा वेल्डिंगची ज्योत नेऊ नये, आणि नळीतून वायू निघाल्याचा फसफस आवाज आला तर दारे-खिडक्या उघडून बाजूला व्हावे. अशा वेळी जवळच्या सॉकेटमधील प्लग किंवा बटण यांच्याशीही झटापट करू नये, शक्य असल्यास मुख्य स्विचवरून वीज बंद करावी.

पहिली पायरी: आवाज ऐकणे

या कामासाठी रात्रीची वेळ चांगली, कारण पंखे आणि मिक्सर बंद असतात. फ्रीझर चालू होण्यापासून बंद होण्यापर्यंतची एक पूर्ण फेरी जवळ बसून ऐकावी आणि आवाज सुरुवातीला येतो, सतत येतो की बंद होताना येतो हे कागदावर लिहून ठेवावे. मोबाइलवर तो ध्वनिमुद्रित करून ठेवल्यास पुढे मेकॅनिकला फार उपयोग होतो, कारण तो घरी येतो तेव्हा यंत्र नेमके शांत असते, हा अनेकांचा अनुभव आहे. जागा निश्चित करण्यासाठी लाकडी डावाचे एक टोक यंत्राच्या पत्र्यावर आणि दुसरे कानाजवळच्या हाडावर टेकवावे. मागची बाजू, तळ, झाकण असे टप्प्याटप्प्याने सरकत गेल्यास आवाज जिथे सर्वांत ठळक होतो तिथे मूळ आहे असे समजावे. फिरणाऱ्या पंख्याजवळ किंवा वायरजवळ मात्र डाव नेऊ नये.

यानंतर दोन साध्या चाचण्या कराव्यात. उभ्या फ्रॉस्ट-फ्री यंत्राचे दार उघडताच आवाज थांबला आणि दाराच्या चौकटीतील बटण बोटाने दाबल्यावर पुन्हा सुरू झाला, तर दोष आतल्या पंख्याकडे आहे, कारण बहुतेक यंत्रांत दार उघडल्यावर हा पंखा बंद होतो. दुसरी चाचणी हाताच्या तळव्याची आहे. यंत्र चालू असताना त्याच्या प्रत्येक बाजूवर, वर ठेवलेल्या वस्तूंवर आणि शेजारच्या स्टॅबिलायझरवर तळहात घट्ट दाबावा. ज्या ठिकाणी दाबल्यावर खडखड थांबते तिथला पत्रा किंवा ती वस्तू थरथरत असते. स्टॅबिलायझरची गुणगुण आणि त्यातील रिलेची (आपोआप चालू-बंद होणाऱ्या विद्युत बटणाची) टकटक ही फ्रीझरचीच आहे असे समजून यंत्र उघडून बसलेली माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत, म्हणून ही चाचणी कधीही वगळू नये.

काही आवाज निरोगी यंत्राचेच असतात. नळ्यांतून द्रव वाहताना होणारी खळखळ कॉम्प्रेसर बंद झाल्यावरही काही मिनिटे ऐकू येते. प्लास्टिक आणि पत्रा आकुंचन पावताना मधूनच कडकन आवाज होतो. फ्रॉस्ट-फ्री यंत्रातील बर्फ वितळवणाऱ्या हीटरवर थेंब पडले की चुर्र असा आवाज येतो. कॉम्प्रेसर थांबताना एकदा धप्प होते, कारण आतील मोटर स्प्रिंगांवर तरंगत असते. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा वेग गरजेनुसार बदलतो, त्यामुळे त्याचा सूरही दिवसभरात बदलत राहतो. आडव्या फ्रीझरचे झाकण लावल्यानंतर सूं असा आवाज येऊन ते लगेच पुन्हा उघडायला जड जाते, तेव्हा आत शिरलेली उष्ण हवा थंड होऊन दाब कमी झालेला असतो. यांपैकी कशालाही दुरुस्ती लागत नाही.

दुसरी पायरी: जमीन आणि आजूबाजूची जागा

आपल्याकडील जुन्या घरांत जमीन क्वचितच सपाट असते. पडवीला पाणी वाहून जावे म्हणून उतार दिलेला असतो, कोबा ठिकठिकाणी बसलेला असतो आणि शहाबादी फरशीचे सांधे वरखाली झालेले असतात. यंत्राच्या समोरासमोरच्या कर्णावरील दोन कोपऱ्यांवर आळीपाळीने दाब द्यावा. ते किंचितही डुलले तर एक पाय जमिनीवर टेकलेला नाही. पायांचे स्क्रू फिरवून उंची जुळवावी आणि वर पाणसळ ठेवून पाहावी. पाय फिरत नसतील तर जाड रबराचा तुकडा खाली सरकवावा. लाकडाची पाचर पावसाळ्यात फुगते आणि नंतर आकसते, म्हणून ती टाळावी. प्लास्टिकचे चाकांचे स्टँड वापरले असेल तर ते काढून यंत्र थेट जमिनीवर ठेवून ऐकावे, कारण पुष्कळदा खडखड त्या स्टँडचीच असते. लाकडी माळ्यावर ठेवलेला फ्रीझर निर्दोष असला तरी घुमतो, कारण खालच्या फळ्या कंप पावतात. जागा बदलणे हाच त्यावरचा उपाय आहे.

भिंत आणि यंत्र यांच्यात साधारण 10 सेंटिमीटर अंतर असावे. वर ठेवलेल्या बरण्या, आतल्या जाळीच्या टोपल्या आणि एकमेकींना टेकलेल्या काचेच्या बाटल्याही तपासाव्यात. यंत्र हलवताना ते आडवे करावे लागले असेल, तर उभे केल्यानंतर काही तास थांबून मगच चालू करावे, म्हणजे कॉम्प्रेसरमधील तेल परत आपल्या जागी उतरते.

तिसरी पायरी: मागची बाजू

खाऱ्या हवेचा खरा परिणाम येथे दिसतो. किनाऱ्याजवळच्या घरातील यंत्राची मागची बाजू दोन-तीन पावसाळ्यांनंतर पाहिली, तर स्क्रूंची डोकी तपकिरी होऊन फुगलेली असतात, नळ्यांना धरणाऱ्या पट्ट्या गंजून सैल झालेल्या असतात आणि जाळीवर ओलसर धुळीचा थर बसलेला असतो. पट्टी सैल झाली की नळी पत्र्याला किंवा शेजारच्या नळीला टेकते आणि कॉम्प्रेसर चालू असताना बारीक, धातूची किरकिर ऐकू येते. प्लग काढून, कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडावी आणि जिथे नळी टेकते तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा सरकवून तो प्लास्टिकच्या टायने बांधावा. नळी वाकवून अंतर वाढवण्याचा मोह मात्र आवरावा. बाहेरून चांगली दिसणारी गंजलेली नळी थोड्याशा वाकण्यानेही चिरते, आणि आवाज घालवण्याच्या नादात सगळा वायू निघून जातो. पांढरट किंवा तपकिरी पापुद्रे सुटू लागलेल्या नळीला हातच लावू नये.

कॉम्प्रेसरच्या वर पाणी साचण्यासाठी प्लास्टिकचे ताट असते. ते खाचेतून सुटले की जोरात थडथडते आणि बसवले की शांत होते.

कॉम्प्रेसरच्या खाली सहसा चार रबरी बुश असतात आणि त्यांच्यातून बोल्ट गेलेले असतात. चांगला बुश अंगठ्याने दाबल्यावर खोडरबरासारखा दबतो. उष्णता आणि खारी हवा खाऊन जुना झालेला बुश चकाकतो, नखाने ओरखडला तर त्याची काळी पूड निघते आणि दाबला तर मुळीच दबत नाही. असे झाले की कॉम्प्रेसरचे कंपन थेट पत्र्यात उतरते. आपली वीज 50 हर्ट्झची असल्यामुळे विजेच्या मोटरची मूळ गुणगुण सेकंदाला 100 कंपनांची असते, आणि सैल पत्रा नेमका या सुरात बोलू लागतो. रत्नागिरी, चिपळूण, कणकवलीसारख्या बाजारपेठेत फ्रिजच्या सुट्या भागांच्या दुकानात बुश मिळतात. जुना बुश नमुना म्हणून सोबत न्यावा. एका वेळी एकच बुश बदलावा, कॉम्प्रेसर फार उचलू नये आणि बोल्ट करकचून आवळू नयेत. कॉम्प्रेसर बुशांवर किंचित हलला पाहिजे. तो जखडला तर आवाज उलट वाढतो.

मागे पंखा असलेल्या यंत्रांत, विशेषतः काचेच्या झाकणाच्या मोठ्या फ्रीझरमध्ये, पात्यांवर कोळिष्टके, मिठाळ धूळ आणि कुंभारीण माशीचे मातीचे घर सापडते. पाते एका बाजूला जड झाले की पंखा घरघरतो. पाती ओल्या फडक्याने पुसून वाळवावीत आणि बोटाने फिरवून पाहावीत. दांडी आडवी डुलत असेल तर मोटर बदलणे योग्य ठरते. तेल द्यायचेच झाले तर शिवणयंत्राचे एक-दोन थेंब द्यावेत. खोबरेल तेल घरात असते म्हणून ते वापरू नये, कारण ते 24-25 अंशांखाली गोठते आणि धुळीबरोबर चिकट राळ तयार करते.

चौथी पायरी: आतला पंखा आणि बर्फ

दार उघडल्यावर थांबणारी खरखर म्हणजे बहुधा पंख्याची पाती बर्फाला घासत असल्याची खूण असते. पावसाळ्यातील दमट हवा दाराच्या फटीतून आत शिरते आणि तिच्यातील बाष्प थंड भागावर गोठत जाते. पंख्याभोवतीच्या कड्यावर बर्फाची एक पांढरी किनार वाढते आणि एके दिवशी पात्याच्या टोकाला भिडते. तो बर्फ सुरीने किंवा पेचकसाने तोडू नये. त्यामागेच नळी असते.

यंत्र रिकामे करून, प्लग काढून, दार उघडे ठेवावे आणि आत गरम पाण्याची पातेली ठेवावीत. आडव्या फ्रीझरला यासाठी काही तास पुरतात. फ्रॉस्ट-फ्री यंत्रात मात्र बर्फ पत्र्यामागे दडलेला असतो, म्हणून त्याला पूर्ण 24 तास द्यावेत, नाहीतर दिसणारा बर्फ जातो आणि न दिसणारा राहतो. तेवढ्यात पाणी जाण्याच्या भोकात कोमट पाणी ओतून ते मोकळे करावे.

मासळीची सोय आधीच करून ठेवावी. थर्माकोलच्या पेटीत बर्फ कारखान्यातील फोडलेला बर्फ आणि जाडे मीठ थराथराने घातल्यास तापमान शून्याच्या बरेच खाली जाते आणि तुकड्या दिवसभर घट्ट राहतात. पूर्ण मऊ झालेली मासळी पुन्हा गोठवू नये. ती त्याच दिवशी शिजवावी.

बर्फ कशामुळे झाला हे शोधल्याखेरीज काम पुरे झाले असे मानू नये. वर्तमानपत्राची पट्टी दारात अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवून दार लावावे आणि ती ओढून पाहावी. जिथे ती सहज निघते तिथे गॅस्केट, म्हणजे दाराच्या कडेची रबरी पट्टी, नीट बसत नाही. गॅस्केटच्या खाचांत मासळीचे वाळलेले पाणी आणि आमरसाचे चिकट थेंब साचलेले असतात. ते कोमट साबणाच्या पाण्याने धुवावेत. दबलेल्या भागावर गरम पाण्यात पिळलेला टॉवेल काही मिनिटे धरला तर रबर पुन्हा उमलते. चिरलेले गॅस्केट मात्र बदलावेच लागते. गॅस्केट चांगले असूनही आठ-पंधरा दिवसांत पंख्याभोवती पुन्हा बर्फ आला, तर बर्फ वितळवणारा हीटर, त्याचा सेन्सर किंवा टायमर यांपैकी काहीतरी बिघडले आहे आणि ते मेकॅनिककडून मीटर लावून तपासून घ्यावे.

पाचवी पायरी: टक, भूं आणि पुन्हा टक

हा आवाज सर्वांत गंभीरपणे घ्यावा. कॉम्प्रेसर चालू होण्याचा प्रयत्न करतो, काही सेकंद जड आवाजात गुणगुणतो, टक असा आवाज होऊन थांबतो आणि काही मिनिटांनी सारे पुन्हा तसेच घडते. मोटर फिरू शकत नसल्यामुळे जास्त प्रवाह खेचला जातो आणि ओव्हरलोड नावाचा छोटा रक्षक तो तोडतो. हे तासन्‌तास चालू दिले तर शेवटी मोटरच जळते, म्हणून आवाज ओळखू येताच प्लग काढावा.

पहिला संशय विजेच्या दाबावर घ्यावा. आपल्या वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या आहेत, ट्रान्सफॉर्मरपासून शेवटच्या घरापर्यंतची तार लांब असते, आणि संध्याकाळी सगळीकडे पंप व दिवे चालू झाले की 230 व्होल्टच्या जागी फारच कमी दाब पोहोचतो. मल्टिमीटरने सॉकेटवरील दाब फ्रीझर सुरू होण्याच्या क्षणी मोजावा. एरवीचा आकडा फसवा असतो. दाब वारंवार 180 च्या आसपास उतरत असेल तर योग्य क्षमतेचा आणि वीज आल्यावर सुमारे तीन मिनिटे थांबून पुरवठा देणारा स्टॅबिलायझर बसवावा. हा विलंब फार महत्त्वाचा आहे, कारण वीज जाऊन लगेच आली तर नळ्यांतील दाब समान झालेला नसतो आणि कॉम्प्रेसरला त्या दाबाविरुद्ध उचल घेता येत नाही. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर किनाऱ्यावरील अनेक गावांत बरेच दिवस वीज नव्हती. अशा वेळी सर्व यंत्रांचे प्लग काढून ठेवावेत आणि पुरवठा स्थिर झाल्याची खात्री झाल्यावरच ते लावावेत. घरच्या इन्व्हर्टरवर फ्रीझर चालवताना भुणभुण वाढत असेल, तर तो इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा आहे का हे पाहावे. चौकोनी लहरीवर मोटर तापते.

दुसरा संशय सॉकेटवर घ्यावा. खाऱ्या हवेने प्लगच्या पितळी पिनांवर हिरवट-काळा थर चढतो आणि सांध्यातून चरचर ऐकू येते. असा आवाज किंवा करपल्याचा वास आला तर मुख्य स्विचवरून वीज बंद करून वायरमनकडून सॉकेट बदलून घ्यावा. फ्रीझरला अर्थिंग असलेला स्वतंत्र सॉकेट द्यावा, एक्स्टेन्शन बोर्ड वापरू नये.

दाब आणि सॉकेट दोन्ही ठीक असतील तर रिलेकडे, म्हणजे कॉम्प्रेसरला सुरू होण्यास मदत करणाऱ्या छोट्या भागाकडे, वळावे. विजेच्या कामाची सवय असलेल्यानेच हे करावे. प्लग काढून दहा मिनिटे थांबावे आणि कॉम्प्रेसरच्या कडेचे छोटे झाकण काढावे. आत मुंग्यांचे वारूळ किंवा टोकांवर चिकटून वाळलेली पाल आढळणे कोकणात नवे नाही. रिले सरळ ओढून काढावा आणि कानाजवळ हलवून पाहावा. आत सुटा तुकडा खुळखुळला तर त्यातील चकती फुटली आहे. अखंड पीटीसी (तापला की रोध वाढणारा) रिले थंड असताना मीटरवर बहुधा 5 ते 30 ओहम दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर तो बदलावा, आणि नवा घेताना त्यावरचा क्रमांक जुळवून घ्यावा. कॉम्प्रेसरच्या तीन टोकांपैकी दोन-दोन टोकांमधील रोध मोजल्यास दोन लहान आकड्यांची बेरीज तिसऱ्याएवढी यायला हवी, आणि कोणतेही टोक व पत्र्याचे अंग यांच्यात मीटरने काहीही दाखवू नये. दाखवले तर मोटरची वायंडिंग (तारेची गुंडाळी) पत्र्याच्या अंगाला लागली आहे आणि ते यंत्र पुन्हा प्लगला लावू नये. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरला हे माप लागू नाही, त्याचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक बोर्डावर असते.

मेकॅनिकला बोलावताना

कॉम्प्रेसरच्या आतून सतत ठणठण येत असेल तर आतली स्प्रिंग तुटलेली असण्याची शक्यता असते आणि त्यावर घरगुती उपाय नाही. थंडावा चांगला असेल तर असे यंत्र काही काळ चालूही राहते. घाईने बदलू नये असे माझे मत आहे. कॉम्प्रेसर अजिबात न थांबता चालतो, फार तापतो आणि आत कोपऱ्यातल्या थोड्याच भागावर बर्फ धरतो, अशी लक्षणे असतील तर वायू कमी झालेला असू शकतो. अशा वेळी ‘नुसता गॅस मारून देतो’ हे उत्तर स्वीकारू नये. गळती कुठे आहे ते शोधणार का, फिल्टर बदलणार का, व्हॅक्यूम पंप लावणार का आणि वायू वजन करून भरणार का, हे चार प्रश्न नम्रपणे पण स्पष्टपणे विचारावेत. घरगुती यंत्रात आर-600ए बहुधा 100 ग्रॅमहूनही कमी असतो, त्यामुळे अंदाजाने भरलेला वायू सहज जास्त किंवा कमी होतो. गळती भिंतीच्या आतील नळीत असेल तर दुरुस्ती सहसा परवडत नाही.

दुरुस्तीनंतर थर्मामीटर मधल्या पाकिटांच्या आड ठेवून 24 तासांनी पाहावा. उणे 18 अंशांच्या आसपास पारा असला म्हणजे यंत्र जाग्यावर आले. दरवर्षी मे महिन्यात मागची बाजू झाडावी, नळ्यांच्या पट्ट्या आणि बुश पाहावेत आणि स्क्रूंच्या डोक्यांवर गंजरोधक रंगाचा हात फिरवावा.

यंत्र भंगारात द्यायचे ठरले, तर ते खळ्यात किंवा मांगरात पडून असेपर्यंत त्याचे झाकण किंवा दार बिजागऱ्यांसकट काढून ठेवावे. लपाछपी खेळताना मूल आत शिरले आणि झाकण पडले तर आतून ते उघडत नाही. नळ्या मात्र कापू नयेत. त्यातील वायू काढण्याचे काम मेकॅनिककडेच सोपवावे.